भस्मासुर आणि हिशेबवही : ज्यू वंशसंहाराच्या मराठी स्मरणाची चिकित्सा

१

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीने व तिच्या साहाय्यकर्त्यांनी युरोपातील सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. या घटनेचा अभ्यास आज इतिहासाची एक स्वतंत्र शाखा मानावी इतका विस्तारलेला आहे. जेरुसलेम येथील याद वाशेम ही स्मरणसंस्था १९५३ साली स्थापन झाली. राउल हिलबर्ग यांचा युरोपीय ज्यूंच्या विनाशावरील पायाभूत ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी जेरुसलेम येथे आडॉल्फ आइखमनवरील खटला चालला. पुढे २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी २७ जानेवारी हा दिवस या वंशसंहाराचा जागतिक स्मरणदिन म्हणून ठरविला. १९४५ साली याच तारखेस सोव्हिएत सैन्य आउश्वित्सच्या छावणीत पोहोचले होते.

मराठी वाचकास हा विषय अपरिचित आहे, असे मुळीच म्हणता येणार नाही. हिटलरविषयीची पुस्तके आपल्याकडे अनेक पिढ्यांनी आवडीने वाचली आहेत. ॲन फ्रँकची दैनंदिनी मराठीत आलेली आहे. महायुद्धाच्या कथा तर आपल्या दिवाळी अंकांचा व ग्रंथालयांच्या कपाटांचा नित्य भाग आहेत. प्रस्तुत लेखात त्या साहित्याचा आढावा घ्यावयाचा नाही. मराठी भाषेने ही घटना कोणत्या शब्दांत व कोणत्या रूपकांत ध्यानात ठेवली, आणि त्या शब्दांनी व रूपकांनी काय प्रकट केले व काय झाकून ठेवले, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. स्मरण हा भाषेचा व्यापार आहे. तेव्हा हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाइतकाच साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे.

हा विचार तळवडे-चाकण परिसराच्या संदर्भात मांडण्यास एक कारण आहे. देहू आणि आळंदी यांच्यामध्ये वसलेले तळवडे हे आज औद्योगिक पट्ट्याचे गाव झाले आहे. येथून चाकणपर्यंत जाताना ज्या कारखान्यांच्या पाट्या दिसतात, त्यांपैकी काहींच्या मूळ जर्मन संस्थांचा इतिहास आपल्या विषयाशी प्रत्यक्ष निगडित आहे. त्याचा परामर्श चौथ्या भागात घेतला आहे. तत्पूर्वी शब्दांचा विचार करणे इष्ट होईल.

२

या घटनेसाठी मराठीत कत्तल, शिरकाण, हत्याकांड, नरसंहार, वंशविच्छेद, वंशसंहार असे नाना शब्द योजले जातात. ते परस्परांचे पर्याय आहेत असे समजून लेखक त्यांचा वापर करीत असतात. वस्तुतः प्रत्येक शब्द आपापली एक कथा बरोबर घेऊन येतो. ‘कत्तल’ म्हटले की १७३९ सालची नादिरशहाची दिल्लीतील कत्तल आठवते. ‘शिरकाण’ हा शब्द तलवारीवाचून संभवत नाही. बखरवाङ्मयाने आपणांस दिलेली ही शब्दसंपत्ती रणाची, क्षोभाची व लुटीची आहे. तीत मारणारा समोर उभा असतो, त्याचे रक्त तापलेले असते आणि काही प्रहरांनी वा दिवसांनी ते निवते.

या शब्दांचा अपुरेपणा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कीव्ह शहराजवळच्या बाबी यार या दरीत २९ व ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालून ठार करण्यात आले. वरवर पाहता यास ‘कत्तल’ म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. परंतु ३३,७७१ हा आकडा आपणांस ठाऊक आहे तो मारेकऱ्यांनीच वरिष्ठांकडे पाठविलेल्या अहवालामुळे. ज्यूंनी अमुक वेळी अमुक ठिकाणी जमावे अशा सूचना आधी शहरात लावण्यात आल्या होत्या. ज्या कृत्यापूर्वी जाहीर सूचना निघते आणि ज्याच्या अखेरीस एककापर्यंत मोजदाद होते, त्यास क्षोभाचे शब्द लावणे म्हणजे त्याचे स्वरूपच बदलणे होय.

१९४४ साली राफाएल लेमकिन या पोलिश-ज्यू कायदेपंडितांनी ग्रीक व लॅटिन धातूंच्या जोडणीतून एक नवी संज्ञा घडविली, ती याच अडचणीपोटी. ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्या संज्ञेवर आधारलेला करार संमत केला व भारताने १९५९ साली त्यास अंतिम मान्यता दिली. या संज्ञेसाठी मराठीत ‘वंशविच्छेद’ हा शब्द पुष्कळदा योजला जातो. पण मराठी कानास वंशविच्छेद म्हणजे वंश खुंटणे, घरात दिवा लावावयास कोणी न उरणे, असा दैवगतीचा अर्थ प्रथम जाणवतो. त्यात कर्ता दिसत नाही. ‘वंशसंहार’ या शब्दात संहार करणारा गृहीत आहे, म्हणून प्रस्तुत लेखात तोच स्वीकारला आहे.

इंग्रजीवाटे आलेला ‘होलोकॉस्ट’ हा शब्दही निर्दोष नाही. त्याचा मूळ ग्रीक अर्थ संपूर्ण जाळून अर्पण केलेला बळी असा आहे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर तो होमातील आहुतीचा शब्द आहे. आहुती देणारा यजमान असतो आणि ती स्वीकारणारी देवता असते. येथे यजमान कोण व देवता कोणती, हा प्रश्न उच्चारताच त्या शब्दाची विसंगती ध्यानात येते. याच कारणास्तव अनेक ज्यू अभ्यासक ‘शोआ’, म्हणजे महाविनाश, हा हिब्रू शब्द अधिक पसंत करतात. आपल्याकडे ‘हुतात्मे’ हा शब्द अशा मृतांना लावण्याचा मोह होतो. परंतु हुतात्म्यास निवड असते. ट्रेब्लिंका येथे नेलेल्या बालकांना कोणतीही निवड देण्यात आलेली नव्हती.

याच्या उलट बाजूस शब्दांची उधळपट्टी आहे. कडक शिस्तीच्या मुख्याध्यापकास ‘हिटलर’ म्हणणे, कोणत्याही मनमानी कारभारास ‘हिटलरशाही’ म्हणणे, धुराने भरलेल्या नगरास ‘गॅस चेंबर’ म्हणणे हे आपल्या वृत्तपत्रांच्या व बोलण्याच्या अंगवळणी पडले आहे. या प्रयोगांमागे दुष्ट हेतू नसतो. तथापि ज्या भाषेत हिटलर हे नाव प्रथम चिडखोर वडीलधाऱ्यांच्या संदर्भात कानी पडते, त्या भाषेतील तरुण वाचकास पुढे ‘माइन काम्फ’चा मराठी अनुवाद विक्रीस मांडलेला दिसला, तर तो शिस्तीचे व यशाचे पुस्तक म्हणून हाती धरणार नाही, याची शाश्वती कोणी द्यावी?

३

आता रूपकांकडे वळू. वि. ग. कानिटकर यांचा ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ हा ग्रंथ मराठीत अत्यंत लोकप्रिय ठरला. येथे त्या ग्रंथाचे परीक्षण अभिप्रेत नाही. शीर्षकातील रूपक तेवढे पाहावयाचे आहे, कारण ग्रंथ न वाचलेल्यांच्या मनातही शीर्षक आपले कार्य करीत असते.

भस्मासुराची कथा सर्वश्रुत आहे. ज्याच्या मस्तकी हात ठेवावा तो भस्म व्हावा, असा वर शंकराने असुरास दिला. असुर वरदात्यावरच उलटला, तेव्हा विष्णूने मोहिनीरूप घेऊन त्याला नृत्यात गुंतविले आणि स्वतःच्याच मस्तकी हात ठेवावयास लावले. या रूपकाचा एक गुण प्रारंभीच मान्य केला पाहिजे. त्यात वरदात्याचा प्रश्न अंतर्भूत आहे. ३० जानेवारी १९३३ रोजी अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी हिटलरची चान्सेलरपदी नेमणूक केली, आणि २३ मार्च १९३३ रोजी जर्मन संसदेने त्याच्या मंत्रिमंडळास स्वतःच कायदे करण्याचा अधिकार दिला. भस्मासुर आपोआप उपजत नाही, त्यास कोणी तरी वर देतो, हे भान मराठी वाचकास या शीर्षकातून सहज मिळते.

परंतु रूपकाचा शेवट आपणांस चकवितो. कथेत भस्म होतो तो असुर. युरोपात भस्म झाले ते दुसरेच. एकट्या आउश्वित्समध्ये सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. कथेमध्ये त्यांना जागा नाही, कारण तेथे असुर आणि देव एवढीच पात्रे आहेत. असुर गेला की कथा संपते आणि श्रोता समाधानाने घरी जातो. उदय आणि अस्त हे दोन्ही असुराचेच असल्यामुळे बळी गेलेला समाज हा त्याच्या चरित्रातील एक प्रसंग होऊन बसतो. शिवाय असुर म्हटला की तो आपल्यातला नव्हे, हेही ओघानेच आले. ज्या कारकुनाने याद्या केल्या, ज्या स्थानकप्रमुखाने गाडीस निशाण दाखविले, ज्या शेजाऱ्याने रिकाम्या घरातील कपाट उचलून नेले, त्यांपैकी कोणीही असुर नव्हता.

दुसरे रूपक प्रवासाचे आहे. ना. ह. पालकर यांच्या इस्रायलविषयक ग्रंथाचे ‘छळाकडून बळाकडे’ हे नाव त्याचा उत्तम नमुना होय. यमकाने साधलेले हे नाव स्मरणात रुतून बसते, आणि मराठीतील इस्रायलविषयक आदराचे सारे सूत्र त्यात सामावलेले आहे. या मांडणीत वंशसंहार ही राष्ट्रोदयाची प्रस्तावना ठरते. परंतु ज्यांची ‘बळाकडे’ वाटचाल झाली ते आणि ज्यांचा ‘छळात’ अंत झाला ते, हे एकच नव्हते. पोलंडमधील यिडिश भाषा बोलणारे शिंपी, छपाई कामगार, पाठशाळांतील विद्यार्थी, समाजवादी चळवळीतील कार्यकर्ते यांच्यापैकी पुष्कळांना पॅलेस्टाइनला जावयाचेही नव्हते. त्यांचे जग नष्ट झाले. ते दुसऱ्या कोणत्याही विजयात रूपांतरित झालेले नाही.

तिसरे उदाहरण ॲन फ्रँकच्या दैनंदिनीचे. १९४७ साली डच भाषेत प्रथम प्रसिद्ध झालेली ही दैनंदिनी १ ऑगस्ट १९४४ च्या नोंदीने संपते आणि ४ ऑगस्टला त्या कुटुंबास अटक झाली. म्हणजे छावणीचा अनुभव त्या पुस्तकाच्या बाहेरच राहतो. त्यात लेखिकेचा काही दोष नाही. पण भस्मासुराचे चरित्र, राष्ट्राचा विजय आणि लपून राहिलेल्या मुलीची नोंदवही या तिन्ही वाटांनी गेलेला मराठी वाचक मुख्य घटनेच्या उंबरठ्यावरच थांबतो, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. हत्या प्रत्यक्षात कशी घडविली गेली, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी बाजूस राहतो.

४

या प्रश्नाचे उत्तर देणारी साधने मुख्यतः कार्यालयीन आहेत. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिननजीक वान्से येथे १५ अधिकारी एकत्र आले. त्यांतील निम्म्याहून अधिक डॉक्टरेट पदवीधारक होते, ही बाब पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. बैठकीच्या टिपणात देशवार तक्ता आहे व त्याची बेरीज एक कोटी दहा लाखांवर जाते. जे देश जर्मनीच्या ताब्यात नव्हते, अशा इंग्लंड व स्वित्झर्लंड येथील ज्यूंचीही त्यात गणना केलेली आहे.

हिलबर्ग यांनी जर्मन रेल्वेच्या व्यवहाराकडे लक्ष वेधले. छावणीकडे पाठविल्या जाणाऱ्या ज्यूंसाठी रेल्वे तिसऱ्या वर्गाचे एकेरी भाडे आकारी. लहान मुलांस अर्धे भाडे असे आणि चार वर्षांखालील बालकांस भाडे नसे. चारशेहून अधिक माणसे असल्यास सामुदायिक सवलत मिळे. सोबतच्या पहारेकऱ्यांसाठी मात्र परतीचे भाडे द्यावे लागे. ही आकारणी एका प्रवाससंस्थेमार्फत होत असे. एरफुर्ट येथील टोफ आणि पुत्र ही संस्था दारूच्या भट्ट्यांसाठी लागणारी यंत्रसामग्री करीत असे. तिनेच आउश्वित्ससाठी प्रेतदहनाच्या भट्ट्या पुरविल्या, विषवायूच्या कोठड्यांसाठी हवा खेचणारी यंत्रणा बसविली, आणि तिच्या एका अभियंत्याने १९४२ साली अधिक वेगाने दहन करणाऱ्या भट्टीच्या पेटंटसाठी अर्जही केला. त्या संस्थेच्या जुन्या कार्यालयीन इमारतीत २०११ सालापासून स्मारक-संग्रहालय आहे.

येथे तळवड्याचा संदर्भ उपयोगी पडतो. या पट्ट्यातील माणसास आदेशपत्र, चलन, जॉब वर्क, पाळी, उत्पादनाचे लक्ष्य, मालाची तपासणी, थकलेले बिल या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. लहान शेडमध्ये तयार झालेला सुटा भाग कोणत्या मोठ्या यंत्रात जाऊन बसतो, हे तो घडविणाऱ्यास ठाऊक असतेच असे नाही, हेही त्याला माहीत असते. मराठीत वंशसंहाराच्या यंत्रणेचे वर्णन करावयाचे तर त्यासाठी लागणारी शब्दसंपत्ती बखरींत किंवा पुराणांत सापडणार नाही. ती या कारखान्यांच्या नित्य व्यवहारात आधीच उपलब्ध आहे. कारखाना म्हणजे छावणी, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कामाची विभागणी स्वतः पाप नव्हे. मात्र कामाची विभागणी झाली की जबाबदारीचीही विभागणी झाली असे मनास वाटू लागते. या वाटण्याचा इतिहास म्हणजेच या वंशसंहाराच्या इतिहासाचा एक मोठा भाग होय.

चाकण येथील फोक्सवागेनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. याच संस्थेच्या जर्मनीतील मूळ कारखान्यात महायुद्धाच्या काळात सुमारे २०,००० माणसांना सक्तीने राबविण्यात आले. १९४४ साली तेथे आउश्वित्सहून आणलेले हंगेरीतील ज्यू बंदी होते. मर्सिडीझ-बेंझचे उत्पादनही चाकणला होते. १९४४ साली डाइमलर-बेंझच्या ६३,६१० कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तमजूर, युद्धकैदी किंवा छावणीतील बंदी होते. या गोष्टी आज गुप्त नाहीत. त्या उघडकीस येण्यास मात्र चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. हान्स मोमझेन व मानफ्रेड ग्रीगर यांचा फोक्सवागेनच्या कामगारांवरील बृहद्ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि १९९९ साली कारखान्याच्या हवाई-हल्ला-निवाऱ्यात सक्तमजुरांचे स्मरणस्थान उघडण्यात आले. २००० साली जर्मन शासन व उद्योग यांनी मिळून १० अब्ज मार्कांचा निधी उभारला व त्यातून पुढील काही वर्षांत १६ लाखांहून अधिक हयात सक्तमजुरांना रकमा देण्यात आल्या.

या प्रकारच्या इतिहासलेखनासही चिकित्सा लावली पाहिजे. उद्योगाने स्वतःच्या खर्चाने लिहवून घेतलेला इतिहास कितपत स्वतंत्र असतो? मोमझेन यांच्या ग्रंथाची प्रामाणिकता अभ्यासकांनी मान्य केली आहे. तरीही संस्थेच्या इतिहास-विभागाचे प्रमुख असलेल्या ग्रीगर यांनी ऑडीच्या पूर्वसंस्थेवरील एका अभ्यासावर टीका केली व त्यानंतर २०१६ साली ते संस्थेतून बाहेर पडले, तेव्हा जर्मन विद्वानांनी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. स्मारक उभारणे व संशोधकाचे स्वातंत्र्य राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढा बोध या प्रकरणातून घ्यावयास हरकत नाही.

५

वंशसंहाराचे स्मरण मराठीस सर्वस्वी बाहेरून आणावे लागते, अशी समजूत असेल तर तीही तपासली पाहिजे. मराठी ही एका ज्यू समाजाची मातृभाषा आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज अलिबागजवळच्या नवगाव येथे आपले पूर्वज जहाज फुटून किनाऱ्यास लागले असे परंपरेने सांगतो. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुटी यांवरून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. रोहेकर, पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून आलेली आहेत. वल्हांडणाच्या रात्री म्हणावयाची हगादा मराठी भाषांतरासह पुण्यात १८७४ साली छापली गेली. मिसर देशातील दास्य प्रत्येक पिढीने स्वतः भोगल्याप्रमाणे आठवावे, हा त्या विधीचा गाभा आहे. म्हणजे सामुदायिक स्मरण हे कर्तव्य आहे, हा ज्यू विचार मराठी लिपीत आणि मराठी वाक्यरचनेत नाझी राजवटीच्या कितीतरी आधीपासून नांदत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समाजाने बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तनेही रचली.

युरोपातील वंशसंहाराची झळ या समाजास प्रत्यक्ष लागली नाही. परंतु त्याची सावली महाराष्ट्रावर पडली होती. १९३४ साली मुंबईत ज्यू निर्वासितांच्या साहाय्यासाठी ज्युइश रिलीफ असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत आलेले संगीतकार वाल्टर काउफमान यांच्या नावावर आकाशवाणीची परिचयधून आहे. रुडॉल्फ फॉन लायडन व एमान्युएल श्लेसिंगर या नाझी राजवटीमुळे परागंदा झालेल्या रसिकांनी मुंबईतील प्रोग्रेसिव्ह चित्रकारांना आधार दिला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पारपत्र असलेल्या ज्यू निर्वासितांनाही ब्रिटिश सरकारने ‘शत्रुदेशीय’ ठरवून अहमदनगरच्या छावणीत नाझी पक्षाच्या सभासदांसमवेतच ठेवले. पुढे चौकशी होऊन बहुतेकांची सुटका झाली. काही कुटुंबे पुरंदर किल्ल्यावर नजरकैदेत राहिली. कोल्हापूरनजीक वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. मात्र ते बहुतांशी सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले कॅथलिक पोल होते. त्यांची कथा तितकीच करुण असली, तरी तिची ज्यू वंशसंहाराशी सरमिसळ करणे दोन्ही स्मृतींवर अन्याय करणारे आहे.

तत्कालीन विचारविश्वातील प्रतिसादही एकसुरी नव्हते. ९-१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीतील शेकडो प्रार्थनामंदिरे जाळली गेली. त्यानंतर दहा दिवसांनी वर्ध्याजवळील सेगाव येथून गांधीजींनी जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला देणारा लेख लिहिला. मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यास दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. बुबर यांचा मुख्य आक्षेप असा की, जेथे साक्षच उरू दिली जात नाही तेथे आत्मक्लेशाचे साक्षित्व कोण पाहणार? त्याच वर्षी सावरकरांनी आपल्या भाषणांत जर्मनीतील ज्यूंच्या स्थितीचा दाखला भारतातील मुसलमानांच्या संदर्भात दिला होता; पुढे १९४७ साली त्यांनीच ज्यू राज्याच्या स्थापनेचे स्वागत केले. ‘छळ’ व ‘बळ’ यांची सांगड मराठी मनात कशी पडत गेली, हे समजण्यास ही दोन्ही विधाने एकत्र वाचली पाहिजेत. डॉ. आंबेडकरांनी महायुद्धाच्या काळातच नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांविषयीची सनातनी वृत्ती यांची तुलना केली. या तुलनेच्या मर्यादांविषयी वाद होऊ शकेल, कारण अंकित ठेवण्याची व्यवस्था आणि समूळ नष्ट करण्याची योजना यांत फरक आहे. परंतु तिचे वैशिष्ट्य असे की, तीत असुर नाही. मनुष्यसमूहास कमी लेखणारी विचारप्रणाली आणि तिचा सामाजिक परिणाम यांचीच ती तुलना आहे. भस्मासुराच्या रूपकाहून ही मांडणी अभ्यासास अधिक उपकारक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

६

शेवटी साधनांविषयी. वॉर्सा येथील बंदिस्त ज्यू वस्तीत इमान्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने सहकाऱ्यांसह एक गुप्त दप्तर उभारले. निबंध, पत्रे, शिधापत्रिका, निमंत्रणे, शाळकरी मुलांचे लेखन असे सर्व काही त्यांनी जमविले आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या धातूच्या कॅनमध्ये घालून जमिनीत पुरले. १९४६ व १९५० साली त्यांतील दोन भाग सापडले. तिसरा अद्याप मिळालेला नाही. रिंगेलब्लुम १९४४ साली मारले गेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांपैकी केवळ तिघे जण वाचले.

तळवड्याच्या शेजारी, देहूस, इंद्रायणीच्या डोहात बुडविलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्याची कथा प्रत्येक मराठी माणूस जाणतो. लिहिलेले नष्ट करता येत नाही, ही श्रद्धा आपल्या वाङ्मयीन संस्कृतीच्या मुळाशी आहे. वॉर्साच्या पेट्या कोरड्या निघाल्या नाहीत. आतील कागद पाण्याने भिजले होते व ते पान-पान वेगळे करावे लागले. त्या दोन कथांतील भेदातच इतिहासाभ्यासकाचे काम आहे. जेथे तारणारे कोणी नाही, तेथे आधी पुरून ठेवणारा आणि नंतर खणून काढणारा अशी दोन माणसे लागतात.

याच वस्तीत १८ जुलै १९४२ रोजी यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’चा प्रयोग केला. खिडकीपाशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल तेथील एका बालकाने उभा केला. पुढच्या महिन्यात कोर्चाक व सुमारे २०० मुले ट्रेब्लिंकाकडे नेली गेली. भारतीय वाचकास या प्रसंगाचा अभिमान वाटतो, व तो स्वाभाविक आहे. तथापि समीक्षकाने तेथेच थांबू नये. आपल्या साहित्यकृतीस तेथे कोणता अर्थ प्राप्त झाला, हे विचारले पाहिजे. ‘डाकघर’मधील मृत्यू हा घराच्या चार भिंतींतून मुक्तीकडे जाणारा मृत्यू आहे. कोर्चाक यांनी तो मुलांना मृत्यूची भीती उरू नये म्हणून दाखविला, असे मानले जाते. पण प्रेक्षकांत बसलेल्या मुलांची वाट पाहणारी गाडी राजाची नव्हती. त्या संहितेचा असा उपयोग करावा लागला, ही गोष्ट आता त्या संहितेच्या अर्थाचा भाग झाली आहे, आणि मराठीत ‘डाकघर’ शिकविताना ती वगळणे योग्य होणार नाही.

७

आपल्यासमोर फाळणीचे, दुष्काळांचे, जातीय अत्याचारांचे स्वतःचे इतिहास असताना दूरच्या युरोपातील या घटनेकडे का वळावे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. दुःखांची प्रतवारी लावण्यासाठी हा अभ्यास करावयाचा नाही. शासनसंस्था, विद्यापीठ, रेल्वे, कारखाना व शेजार यांनी मिळून एक समाज कसा नष्ट केला, याची इतकी तपशीलवार कागदपत्रे अन्य कोणत्याही प्रसंगी क्वचितच उपलब्ध असतील. ती वाचण्याची सवय लागली, तर आपल्या इतिहासातील कागदही आपण अधिक सावधपणे वाचू.

या दिशेने आपल्या विभागास करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे. १९३३ ते १९४५ या काळातील ‘केसरी’ व ‘सकाळ’ यांच्या अंकांत ज्यूंविषयी कोणत्या वार्ता, कोणत्या पानावर व कोणत्या शब्दांत आल्या, याची वर्षवार सूची करणे हे पहिले काम. बेने इस्राएल समाजातील मराठी नियतकालिकांनी त्याच वार्ता कशा दिल्या, हे त्या शेजारी ठेवून पाहणे हे दुसरे. या समाजातील बहुतांश कुटुंबे आज इस्रायलमध्ये आहेत व तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही निघाले. वंशसंहाराची स्मृती हे राष्ट्रीय कर्तव्य मानणाऱ्या देशात गेल्यावर, त्या संहाराचा स्पर्श न झालेल्या मराठी ज्यूंनी ती स्मृती आपल्या भाषेत कशी सामावून घेतली, हा तिसरा व कदाचित सर्वांत फलदायी विषय ठरेल. तळवडे-चाकण पट्ट्यातील अभियंत्यांनी व कामगारांनी या उद्योगांच्या युद्धकालीन इतिहासाविषयी मराठीत वाचावयास मिळेल असे एखादे विश्वसनीय छोटे पुस्तक सिद्ध करणे हेही आपल्याच कक्षेत येते. त्या पुस्तकास नाव देताना मात्र भस्मासुराची मदत घेऊ नये, एवढीच सूचना येथे करून ठेवतो.